पगार वाढला म्हणून ईएसआय का सुटावी?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

भोसरी-चाकण पट्ट्यातील लहान कारखान्यांत पगारपत्रके आणि ईएसआयचा (कर्मचारी राज्य विमा योजनेचा) भरणा सांभाळण्यात माझी सारी नोकरी गेली. पगारवाढीचे पत्र हाती घेताना कामगार आधी विचारतो, 'साहेब, ईएसआय राहील ना?' हा प्रश्न त्याच्यावर यावा, हेच मला अन्यायाचे वाटते.

ज्या पगारापर्यंत कामगार ईएसआयमध्ये येतो, ती वेतनमर्यादा १ जानेवारी २०१७ रोजी दरमहा २१ हजार रुपये झाली, ती पुढे सरकलेली नाही. २१ हजार पगारावर कामगाराचे ०.७५ आणि मालकाचे ३.२५ टक्के, म्हणजे दोघांचे मिळून ८४० रुपये भरले जातात. त्यात बायको-मुले आणि अवलंबून असलेले आईवडील यांचे उपचार होतात, खर्चाला कमाल मर्यादा नसते. शिवाय आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के वेतन मिळते. ईएसआय दवाखान्यांतील रांगा आणि औषधांचा तुटवडा मी जवळून पाहिला आहे. तरीही डायलिसिसवरच्या माणसाला याहून मोठा आधार दुसरा नाही.

पगार मर्यादेपलीकडे गेला की चालू सहामाही संपेपर्यंत वर्गणी चालते, त्यानंतर काही महिन्यांनी लाभ थांबतात. मग कामगार मालकाच्या मर्जीवर. कोविडकाळात, एप्रिल २०२० मध्ये, केंद्रीय गृहमंत्रालयाने कामगारांचा आरोग्य विमा सक्तीचा केला तेव्हा अनेक मालकांनी पहिल्यांदा ग्रुप पॉलिसी, म्हणजे सगळ्या कामगारांचा एकत्र विमा, घेतली. आता हप्ते वाढले तसे हात आखडले जात आहेत. आईवडिलांना वगळायचे किंवा त्यांचा हप्ता पगारातून कापायचा, बिलातला ठरावीक वाटा कामगारावर टाकायचा. दोन-तीन लाखांचे संरक्षण एका बायपासलाही पुरत नाही, आणि आजारी रजेतल्या पगाराचे तर त्यात नावच नसते. लहान मालकाचीही ओढाताण होते हे मला ठाऊक आहे. वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून गेला, ग्रुप पॉलिसीवर मात्र १८ टक्के कायम राहिला. तोही काढला पाहिजे.

सरकारने वेतनमर्यादा वाढवावीच. पण ती वाढेपर्यंत, एकदा ईएसआयमध्ये आलेल्या कामगाराला पगार वाढला तरी २१ हजार पगाराला लागते तेवढीच वर्गणी भरून योजनेत राहू द्यावे. मालकाचा वाटाही चालू ठेवावा.

नोकरी सुटतानाची अवस्था आणखी वाईट. ग्रुप पॉलिसीतून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याची सोय विमा नियामकाच्या नियमांत आहे. जुन्या आजारांचा खर्च नव्या पॉलिसीत सुरुवातीची काही वर्षे मिळत नाही, त्या प्रतीक्षाकाळात आधीची वर्षे धरली जातात. मात्र त्यासाठी संरक्षण संपण्याआधी अर्ज करावा लागतो, आणि हे कामगाराला कोणी सांगतच नाही. पन्नाशीत, मधुमेह असताना नव्याने पॉलिसी काढायला गेलेल्या माणसाला विचारा. नोकरी सुटताना मिळणाऱ्या हिशेबाच्या कागदावर पीएफ आणि ग्रॅच्युइटी लिहिली जाते. त्याच कागदावर विमा कोणत्या तारखेला संपतो आणि अर्ज कधीपर्यंत, कुठे करायचा, हे लिहून देणे मालकावर बंधनकारक करावे.

आपला,
एक निवृत्त कामगार अधिकारी, चिंचवड