खुर्च्या कमी आणल्याचं सांगणाऱ्या दादांना

दादा, सप्रेम नमस्कार.

नाव घालायचं नाही असं तुम्ही बजावलंत, म्हणून नुसतं दादा. चिपळुणात मंडपवाले काही एकच नाहीत, तेव्हा गुपित राहील असं धरून चालते. ज्यांना कळायचं त्यांना चार ओळींत कळेल, त्याला माझा इलाज नाही.

शाळेच्या माजी विद्यार्थी संघातलं माझं अध्यक्षपदाचं वर्ष गेल्या महिन्यात संपलं. शेवटच्या सभेत मी रीतीप्रमाणे आभार मानले: मुख्याध्यापक, संस्थाचालक, देणगीदार, कार्यकारिणी आणि शेवटी 'ज्ञात-अज्ञात सर्व'. तुम्ही त्या अज्ञातात गेलात. मी हे बोलत होते तेव्हा तुम्ही मागे माइकची वायर कोपरावर गुंडाळत होतात. घरी आले आणि ती वायर काही डोळ्यांपुढून जाईना. म्हणून हे पत्र, आणि तेही उघड. तुम्ही माझ्यासाठी खोटं बोललात ते सगळ्यांसमोर, मग खरं तरी मी कोपऱ्यात का सांगू?

माजी विद्यार्थी संघाचं अध्यक्षपद मला मिळालं ते कर्तृत्वामुळे नाही. 2024 च्या जूनमध्ये आधीच्या मंडळींनी हात वर केले आणि कुणीतरी म्हणालं, "यंदा महिला अध्यक्ष हवी." इतकी वर्षं का नको होती, हे मी तेव्हा विचारलं नाही. आता विचारते. माझ्या हातात आलं ते एवढं: एक रबरी शिक्का, तीन वर्षं नोंदी न भरलेलं पासबुक आणि 412 जणांचा व्हॉट्सॲप ग्रुप. पदाधिकारी बदलले की 90 दिवसांत धर्मादाय कार्यालयाला कळवावं लागतं. तो चेंज रिपोर्ट मागच्या दोन कार्यकारिण्यांनी घातलाच नव्हता. म्हणजे कागदावर मी अध्यक्ष नव्हतेच, आणि बँकेत सही चालायची ती ठाण्याला राहायला गेलेल्या एका गृहस्थांची, जे फोन उचलत नसत. रत्नागिरीला किती खेपा झाल्या ते सांगत बसत नाही. आपला हायवे तुम्हाला माहीत आहे, एवढं पुरे.

सभासदांची यादी मागितली तर उत्तर आलं, "ती 2021 च्या पुरात गेली." 22 जुलैला शाळेच्या तळमजल्यावर पाणी होतं हे खरं. संघाचं कपाट त्यात आडवं झालं हेही खरं. पण पुढे कळलं की यादी पुराच्या कितीतरी आधीपासून कुणी केलीच नव्हती. पुराच्या नावावर आपल्या गावात काय काय खपतं! लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरात खरीखुरी पुस्तकं चिखलात गेली, माझ्या मेडिकलमधली औषधं गेली, तुमच्या खुर्च्या वाशिष्ठीने नेल्या. यांची यादी मात्र न लिहिताच वाहून गेली.

तर, जुलैतली ती पहिली सभा. ग्रुपवर 163 जणांनी अंगठा दाखवला. 'नक्की', 'शंभर टक्के', 'जुन्या आठवणींना उजाळा'. मी तुमच्याकडे 150 खुर्च्या सांगितल्या. पाऊस असता तर निदान सबब मिळाली असती. जुलैत पाऊस आणि भरती एका वेळेला आली की आपली माणसं सभेला जात नाहीत, पुलावर पाणी बघायला जातात, आणि ते बरोबरच आहे. त्या रविवारी मात्र लख्ख ऊन होतं.

साडेनऊला मी हॉलमध्ये डोकावले तेव्हा तुम्ही पंधरा रांगा लावून ठेवल्या होत्या. दहा-दहाच्या, दोरी धरल्यासारख्या सरळ. सव्वादहापर्यंत माणसं आली दहा. त्यांतले दोघे जुन्या अकरावीचे मॅट्रिक आजोबा, 1975 ला दहावीची पहिली बॅच परीक्षेला बसली त्याच्याही आधीचे. ते कुठल्याही सभेला येतात, देव त्यांना उदंड आयुष्य देवो. बाकीच्यांतले काही असे बसलेले: एक तिसऱ्या रांगेत, दोघी खिडकीशी पंख्याखाली, एक अगदी मागे दाराजवळ, कधीही उठून जायच्या तयारीत. तेवढ्या रिकाम्या खुर्च्यांपुढे आपण उभं राहून 'प्रिय बंधू-भगिनींनो' म्हणायचं, हे मला डोळ्यांसमोर दिसलं आणि मी सरळ मागच्या नळावर गेले. तोंड धुवायला गेले असं तेव्हा सांगितलं. रडायला गेले होते.

परत आले तर हॉलमध्ये एकही रांग नव्हती. मधोमध चौदा खुर्च्यांचा गोल, त्यात ती दहा माणसं गुडघ्याला गुडघा लावून बसलेली, आणि चक्क गप्पा चाललेल्या. उरलेल्या खुर्च्यांच्या थप्प्या बाहेर व्हरांड्यात, वर ताडपत्री. दहा मिनिटांत तुम्ही आणि तुमच्या पोऱ्याने आवाज न करता हे कसं केलंत, मला अजून कळलेलं नाही. प्लास्टिकच्या खुर्च्या फरशीवर ओढल्या की केवढ्या कुरकुरतात. तुम्ही त्या उचलून नेल्या असणार, एकेक.

तेवढ्यात अकरावे आले. आधीच्या कार्यकारिणीतले एक सन्माननीय, नेहमीसारखे उशिरा, भाषण खिशात घालून. दारात थांबून त्यांनी गोल पाहिला आणि हसले. ते हसू मी विसरणार नाही. म्हणाले, "एवढ्याच खुर्च्या? अध्यक्षबाईंचा अंदाज अगदी अचूक दिसतोय."

मी तोंड उघडायच्या आत तुम्ही पुढे झालात. "माझी चूक झाली साहेब. गाडी एकच होती, खुर्च्या कमी आणल्या मी." खांद्यावरचा पंचा काढून एक खुर्ची पुसलीत आणि त्यांच्यापुढे केलीत. ते बसले. काय करणार?

दादा, मला या वर्षात शाली मिळाल्या, नारळ मिळाले, एका स्मृतिचिन्हावर माझं नाव चुकीचं छापून मिळालं. त्या एका वाक्याएवढं दुसरं काही मिळालं नाही.

सभा अशी झाली की मी जन्मात विसरणार नाही. रांगेत माणूस मोबाईल काढतो, गोलात त्याला लाज वाटते. पहिल्यांदाच कुणी भाषण केलं नाही. निवृत्त नर्सबाई म्हणाल्या, मेळावे पुरेत, आठवीच्या पोरांना एनएमएमएस शिष्यवृत्तीच्या परीक्षेला बसवू या. ती शिष्यवृत्ती वर्षाला 12,000 रुपये देते, नववी ते बारावी, आणि आपल्या शाळेतून दोन-तीन मुलंही धड बसत नव्हती. अंगठे दाखवणाऱ्या 163 जणांकडून हे आलं नसतं. ते खुर्च्यांच्या गोलातून आलं.

आता बिलाची गंमत. खुर्च्या कमी आणल्या असं तुम्ही चारचौघांत सांगितलंत, आणि बिल लावलंत पूर्ण 150 चं! (बरं केलंत. धंदा तो धंदा.) खजिनदारांनी बिल माझ्यापुढे ठेवलं. "तो स्वतःच म्हणाला ना कमी आणल्या? मग हे काय?" तेव्हा मला सगळं सांगावं लागलं, नळावर जाण्यासकट. खजिनदार बराच वेळ बिलाकडे बघत राहिले आणि चेक लिहिला.

तो चेक द्यायला मी तुमच्या गोडाऊनवर आले होते, आठवतं? तुम्ही पुरातून परत मिळालेल्या खुर्च्या दाखवल्यात. कुणाच्या शेतात, कुणाच्या कुंपणात अडकलेल्या, पाठीवर तुमचं अक्षर रंगवलेलं म्हणून लोकांनी ओळखून आणून दिलेल्या. पाठीच्या भोकांमध्ये अजून ती तांबडी रेघ आहे, कितीही घासली तरी जात नाही. "ह्या लग्नाला देत नाय," म्हणालात, "शाळेला चालतात." मी विचारलं, तो गोल करायचं तुम्हाला सुचलं कसं? तुम्ही अगदी सहज म्हणालात, "मयताला पण तसंच करतो, ताई. दिवसकार्याला माणसं कमी आली की चार खुर्च्या गुपचूप काढून घ्यायच्या. घरच्यांना बरं वाटतं."

आणि मग मी तो मूर्ख प्रश्न विचारला, जो आम्ही संघवाले येता-जाता विचारतो. "तुम्ही कोणत्या बॅचचे?"

"आपल्याला बॅच नाय. नववीत दिवाळीपर्यंत होतो."

बावीस वर्षं तुम्ही आमच्या मेळाव्याचा मंडप घातलात. बावीस वर्षं आम्ही त्याच मंडपात बोर्डात आलेल्यांचे, परदेशी गेलेल्यांचे सत्कार केले, आणि खांबाला टेकून उभा असलेला माणूस याच शाळेचा आहे हे आम्हाला माहीत नव्हतं. आमच्या घटनेतच लिहिलं होतं, 'शालान्त परीक्षा उत्तीर्ण'. उत्तीर्ण झाला नाही तो माजी नाही. मग तो कोण? पाच वर्षं बाकावर बसला तो काय पाहुणा होता?

मुख्याध्यापकांनी जनरल रजिस्टर बघू दिलं. 2005 च्या पुराने धडा दिला म्हणून ती रजिस्टरं वरच्या मजल्यावर होती आणि 2021 मध्ये वाचली. जाड पुठ्ठा, कडा वाळवीने कुरतडलेल्या, शाई तपकिरी. माझं नाव शोधायला उघडलं आणि आधी तुमचं सापडलं. शाळा सोडल्याचं कारण: 'सततची गैरहजेरी'. प्रगती: 'बरी'. वागणूक: 'चांगली'.

वागणूक 'चांगली' सगळ्यांचीच लिहितात, मला ठाऊक आहे. माझ्याही दाखल्यावर आहे, त्या हसणाऱ्या सन्माननीयांच्याही असेल. कारकून हात न उचलता तो रकाना भरत जातो. पण सगळ्या गावात हा रकाना खरा कुणाचा भरलाय, याचा मी त्या दिवसापासून नादच घेतला. पुरानंतर माझ्या दुकानातला चिखल फावड्याने ओढणारी कऱ्हाडकडची पोरं, ज्यांनी साधा चहा घेताना संकोच केला. एसटीतला तो कंडक्टर, जो म्हातारीची पाटी स्वतः वर चढवतो आणि मग डबल बेल देतो. ही माणसं कुठल्या मेळाव्यात सत्काराला येत नाहीत. त्यांना बोलवायचं कुणी?

तुम्ही बोलावलंत. मेळावा डिसेंबरात असतो, परदेशातल्यांच्या सुट्ट्या बघून. तुम्ही म्हणालात, "डिसेंबरात कोण येतंय? मे महिन्यात लग्नं, माझ्याच खुर्च्या नसतात. गौरी-गणपती गेले की दुसऱ्या दिवशी सकाळी ठेवा. चाकरमानी संध्याकाळची गाडी पकडायच्या आधी येतील." गावाचं कॅलेंडर मंडपवाल्याला जेवढं पाठ, तेवढं भटजींनाही नसेल. माणसं इतकी आली की जेवण दोनदा लावावं लागलं. तुमच्या ओळखीतले कितीतरी: वायरमन, कुंभार्ली घाटातून ट्रक नेणारे दोघे, मासळी बाजारातल्या तिघी, एक शिलाईवाली, जी सातवीत सोडून गेली होती आणि आपला वर्ग आठवत नाही म्हणून सगळ्या खोल्या हिंडून शेवटी एका खिडकीशी थांबली. काहींनी नाक मुरडलं. 'दर्जा' हा शब्द मी दोनदा ऐकला. एका परदेशस्थाने जाहीर केलेली देणगी त्यानंतर आलीच नाही. ती आधीच्या तीन मेळाव्यांतही आली नव्हती, तेव्हा हिशेबात फरक पडला नाही.

एनएमएमएसच्या तासांना त्याच वायरमनने रविवारी दोन खोल्यांचे पंखे चालू करून दिले. 90 प्रश्न बौद्धिक क्षमतेचे, 90 शालेय विषयांचे. नर्सबाई आणि आजोबा शिकवायचे. आजोबांचं गणित अजून असं आहे की पोरं त्यांना घाबरत.

घटनेतली ओळ बदलायला मार्चच्या सर्वसाधारण सभेत अडीच तास गेले. नव्या फॉर्मवर आता 'उत्तीर्ण वर्ष' नाही. 'शाळेत केव्हापासून केव्हापर्यंत' असं आहे. तुमचा फॉर्म माझ्याकडे आहे. तुम्ही तो गाडीच्या बॉनेटवर ठेवून भरलात, 'जून 1979 ते दिवाळी 1983', आणि वर्गणीची पन्नासाची नोट त्यालाच टाचणीने लावलीत. पावती घ्यायला अजून आला नाहीत.

पावती माझ्याजवळ आहे. येत्या रविवारी नव्या अध्यक्षांची पहिली सभा. ग्रुपवर पुन्हा अंगठे दिसताहेत, त्यांनी 100 खुर्च्या सांगितल्यात म्हणे. मी अर्धा तास आधी येते. थप्प्या उचलायला तुमच्या पोऱ्याला एक हात कमी पडायला नको.

तुमची,
1988 ची, मेडिकलवाली ताई