पत्ते पडणारं घड्याळ आणि मागची पाटी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या गेल्या रविवारच्या पुरवणीत जुन्या फ्लिप क्लॉक रेडिओंवर, म्हणजे आकड्यांचे पत्ते एकेक पाडून वेळ दाखवणाऱ्या घड्याळ-रेडिओंवर, लेख आला होता. फोटो झकास होते, विशेषतः त्या नारिंगी उजेडातल्या आकड्यांचा. पण लेखात दोन सल्ले असे आहेत की ते वाचून चार घड्याळांचा तरी जीव जाईल, म्हणून हे पत्र. पहिला सल्ला असा की परदेशातून आलेला संच व्होल्टेज कमी करणाऱ्या ट्रान्सफॉर्मरला जोडला की काम झालं. दुसरा, मोटर आवाज करत असेल तर आतलं यंत्र काढून टाका आणि तिथे ब्लूटूथ स्पीकर बसवा. दुसऱ्या सल्ल्याकडे नंतर येतो, कारण त्यावर लिहिताना माझा तोल जाण्याची शक्यता आहे.

मी वीजकेंद्राच्या कंट्रोल रूममध्ये ऑपरेटर म्हणून तीस वर्षं काढली. समोरच्या मीटरवरचा फ्रिक्वेन्सीचा, म्हणजे विजेच्या सेकंदातल्या आवर्तनांचा (हर्ट्झचा), काटा ५० वर आहे की घसरतोय, हे बघण्यात आयुष्य गेलं. आणि निवृत्तीनंतर पहिला फ्लिप क्लॉक रेडिओ घेतला तो मागची पाटी न वाचता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. विकणाऱ्याने ‘चालू स्थितीत’ म्हणून सांगितलं होतं आणि ते खोटं नव्हतं. ट्रान्सफॉर्मर लावला, मोटर गुणगुणली, सेकंदांचं चक्र फिरायला लागलं. रात्री नऊला वेळ लावली. दहाच्या बातम्या सुरू झाल्या तेव्हा घड्याळात नऊ पन्नास. अकराला दहा चाळीस. दर तासाला मोजून दहा मिनिटं मागे. बायको म्हणाली, बिघडलंय, परत द्या. मी मात्र कपाळाला हात लावून हसत बसलो होतो. साठातले दहा गेले म्हणजे काय झालं, हे मला नाही कळणार तर कोणाला कळणार?

हे घड्याळ स्वतः वेळ मोजतच नाही, आणि लेखातली मूळ चूक इथेच आहे. त्यात लंबक नाही, केसासारखी स्प्रिंग नाही, क्वार्ट्झही नाही. असते ती सिंक्रोनस मोटर, आणि ती भिंतीतून येणाऱ्या विजेची आवर्तनं मोजते. सेकंदाला ६० आवर्तनं येतील असं धरून दात कापलेलं घड्याळ ५० च्या विजेवर लावलं की ते ५० च पावलं टाकणार. ट्रान्सफॉर्मर व्होल्ट बदलतो, आवर्तनं जशीच्या तशी पुढे ढकलतो. म्हणजे दिवसाला चार तास मागे. शिवाय ६० साठी केलेली मोटर ५० वर जास्त तापते, ते वेगळंच. उलट बाजूने ५० चं घड्याळ ६० च्या देशात नेलं तर तासाला बारा मिनिटं पुढे पळेल.

विजेवर घड्याळ चालवण्याची ही युक्ती हेन्री वॉरन या अमेरिकी माणसाची. मोटर झाली, पण केंद्रातली वीजच एका लयीत नव्हती, त्यामुळे घड्याळं भरकटत. मग त्याने केंद्रासाठीच एक मुख्य घड्याळ केलं. त्यात दोन काटे होते, एक लंबकावर चालणारा आणि दुसरा केंद्राच्या विजेवर चालणाऱ्या मोटरचा. ऑपरेटरने जनित्राचा वेग असा ठेवायचा की दोन्ही काटे एकमेकांवर राहतील. ऑक्टोबर १९१६ मध्ये ते बॉस्टनच्या एडिसन कंपनीत लागलं. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा त्या अनोळखी ऑपरेटरबद्दल फार आपुलकी वाटली. गावभरची घड्याळं त्याच्या हातात, आणि गावाला पत्ताच नाही.

आजही ते खरं आहे. २०१८ च्या सुरुवातीला सर्बिया आणि कोसोवो यांच्या वादात युरोपच्या जोडलेल्या वीजजाळ्यात काही वीज कमी पडत राहिली, सरासरी फ्रिक्वेन्सी ५० च्या किंचित खाली गेली, आणि मार्चपर्यंत डझनावारी देशांतली विजेवरची घड्याळं जवळजवळ सहा मिनिटं मागे पडली. भट्ट्यांवरची, मायक्रोवेव्हवरची, आणि अर्थात उशाशी ठेवलेले जुने क्लॉक रेडिओसुद्धा.

लेखात ‘सत्तरच्या दशकातला जपानी शोध’ असं म्हटलंय, तेही अर्धवट आहे. पत्ते पाडून वेळ दाखवायची कल्पना विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातली. यूजीन फिचच्या पेटंटवर अमेरिकेतल्या अन्सोनिया कंपनीने ‘प्लेटो’ नावाचं चावीचं घड्याळ काढलं होतं. काचेच्या नळकांड्यात वर तासांचे पत्ते, खाली मिनिटांचे. मग इटलीतल्या उदिने गावची सोलारी कंपनी. तिच्यासाठी वास्तुरचनाकार जिनो वाले याने आखलेल्या ‘सिफ्रा ५’ ला १९५६ साली कोम्पासो दोरो हा इटलीचा मानाचा डिझाइन पुरस्कार मिळाला. विमानतळांवर आणि स्टेशनांवर खडखडत बदलणारे वेळापत्रकाचे फलक याच घराण्यातले. जपानची कोपल कंपनी, जी मुळात कॅमेऱ्याच्या शटरसाठी नावाजलेली, तिने साठच्या दशकात हे यंत्र इतकं लहान आणि स्वस्त केलं की ते रेडिओच्या पेटीत मावायला लागलं. सोनीने त्याला ‘डिजिमॅटिक’ म्हटलं. जपानी माणसं मात्र त्याला पातापाता घड्याळ म्हणतात, पत्त्यांच्या आवाजावरून. जर्मन लोक पत्त्याला ‘पडतं पान’ म्हणतात. आपण अजून फ्लिप क्लॉकच म्हणतो. मी आपला पत्ते म्हणतो.

आणि हो, फोटोतला तिसरा संच फ्लिप क्लॉक नाहीच. त्यात आकडे छापलेली चाकं गोल फिरतात, जुन्या गाडीच्या किलोमीटरच्या मीटरसारखी. त्यात पत्ता पडत नाही, आकडा हळूच वर सरकतो. जातच वेगळी.

आता माझ्या त्या पहिल्या संचाकडे येतो. वेळ का चुकते ते कळल्यावर तो नक्की कुठला आणि कधीचा, हे शोधायचं वेड लागलं. कंपनीचं नाव अमेरिकी, पाटीवर १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ. म्हणजे देश कळला. साल कुठेच नव्हतं. मागचे चार स्क्रू काढले. स्पीकरच्या लोखंडी कडेवर सहा आकड्यांचा ठसा दिसला. अमेरिकी सुट्या भागांवर असा ठसा असतो. पहिले तीन आकडे कारखान्याचे, मग सालाचा शेवटचा आकडा, मग त्या वर्षातला आठवडा. माझ्याकडचे शेवटचे तीन होते १३४. म्हणजे एकने संपणाऱ्या कुठल्या तरी सालाचा चौतिसावा आठवडा, ऑगस्टचा उत्तरार्ध. पण १९६१, १९७१ की १९८१?

डायलने सोडवलं. १९५३ ते १९६३ या काळात अमेरिकेत विकायच्या रेडिओवर ६४० आणि १२४० या जागी छोटे त्रिकोण छापणं सक्तीचं होतं. शत्रूचा हल्ला झाला तर त्या दोन जागांवर नागरी संरक्षणाच्या सूचना लागणार होत्या. माझ्या डायलवर त्रिकोण नव्हते, म्हणजे १९६१ बाद. व्हॉल्यूमच्या कंट्रोलवर सात आकड्यांचा ठसा निघाला. सात आकडे असले की साल दोन आकडी येतं, आणि तिथे चक्क ७१ होतं. बाहेर रात्रीचा एक वाजला होता आणि मी टेबलावर हात आपटला. तरी खात्री म्हणजे इतकीच, की १९७१ च्या ऑगस्टआधी तो संच जुळलेला नाही. भाग कारखान्यात किती महिने पडून होते, हे ठसा सांगत नाही. आणि कोणी मध्ये स्पीकर बदलला असेल तर ठसा सरळ फसवतो, म्हणून एका ठशावर विसंबू नये.

जपानच्या घरगुती बाजारासाठी केलेला संच तर डायलवरूनच ओळखू येतो. एफएम ७६ पासून सुरू होतं आणि बऱ्याचदा ९० लाच संपतं. आपल्या ओळखीच्या ८८ ते १०८ मधला बहुतेक भाग त्यात नाहीच, हे घेण्याआधी लक्षात असू द्यावं. काही संच मात्र १०८ पर्यंत जातात, कारण पुढच्या पट्ट्यात जपानमध्ये टीव्हीचे पहिले तीन चॅनेल होते आणि त्यांचा आवाज रेडिओवर ऐकता येई. डायलवर तसं छापलेलंही असतं. पाटीवर १०० व्होल्ट, आणि ५० व ६० दोन्हींची सोय. ही सोय का? तोक्योने १८९५ मध्ये जर्मन जनित्रं घेतली, ५० ची. ओसाकाने पुढच्याच वर्षी अमेरिकी, ६० ची. तो देश आजतागायत दोन तुकड्यांत वीज वापरतो. घर बदललं की घड्याळ बदलायचं का, म्हणून कारखान्यांनी दोन्हींची सोय ठेवली. ज्याला ५० हर्ट्झच्या देशात हौस करायची आहे त्याने असा संच शोधावा. तिथे ट्रान्सफॉर्मर खरंच पुरतो. जर्मन संच तर आणखी सोपे. डायलवर लाँग वेव्ह आणि ‘यूकेडब्ल्यू’ (त्यांचं एफएम) दिसेल, ते एफएम बहुतेक १०४ ला थांबेल, आणि वीज २२० व्होल्ट, ५० हर्ट्झ.

एका हॉलिवूड सिनेमात रोज सकाळी सहाला पत्ते पडतात, त्या पॅनासॉनिक आरसी-६०२५ साठी लोक वेडे होतात. होऊ देत. मला ज्याची पाटी वाचून डोकं खाजवावं लागेल तो संच आवडतो.

आता तो दुसरा सल्ला. मोटर घुरघुरते याचं कारण बहुतेक वेळा आतलं तेल चिकट होऊन वाळलेलं असतं, मोटर मेलेली नसते. घड्याळाचं बारीक तेल सुईने एक-दोन थेंब, धीराने. गंज सोडवायचा फवारा मारू नये. दोन दिवस छान चालतं, मग धूळ धरून कायमचं बसतं. हा शहाणपणा माझ्या दुसऱ्या संचाचा बळी देऊन आलेला आहे. वेळ लावताना नॉब मागे फिरवू नये, पत्ते एकमेकांत अडकतात. पुढे फिरवत पूर्ण दिवस जावं लागलं तरी चालेल. आकडे नारिंगी उजळवणारा निऑनचा दिवा वयाने काळा पडून मिचमिचायला लागतो. दिवा आणि त्याच्यासोबतचा रोधक बदलला की झालं. प्लग काढून ठेवायचा, हे माझ्या जुन्या नोकरीतलं वाक्य इथेही लागू.

माझ्या पहिल्या संचासाठी मी छोटी सोय केली. क्वार्ट्झच्या स्फटिकापासून सेकंदाला ६० आवर्तनं काढली, लहानशा ॲम्प्लिफायरने वाढवली आणि उलट्या जोडलेल्या ट्रान्सफॉर्मरने १२० व्होल्टवर नेऊन फक्त घड्याळाच्या मोटरला दिली. मोटर इतकं कमी खाते की पेटी हातभरही झाली नाही. घड्याळ आता अचूक चालतं. वाईट इतकंच वाटतं की ते माझ्या जुन्या खात्याचं ऐकत नाही.

शेवटी एक स्वार्थाची विनंती. माझ्याकडच्या जपानी संचातला मिनिटांचा एक पत्ता मोडून हरवला आहे, १७ चा. या पत्त्याच्या पुढच्या बाजूला १७ चा वरचा अर्धा भाग असतो आणि मागच्या बाजूला १८ चा खालचा. तो नसल्यामुळे १६ चा पत्ता पडला की खाली १७ चं अर्धं येतं आणि वर थेट १८ चं. इंग्रजी आठाचं डोकं आणि इंग्रजी साताचा पाय जोडून बघा: नऊ होतात. त्यामुळे माझ्याकडे दर तासाला सतरा आणि अठरा मिनिटं होतच नाहीत, एकोणीस मात्र तीन वेळा होतात. नात त्या वेळी मुद्दाम येऊन बघते. आपल्या लेखावर विसंबून कोणी आतलं यंत्र काढलंच असेल, तर त्यांनी ते फेकू नये. आपल्या कार्यालयाकडे पाठवावं, टपालखर्च मी देईन. पांढरे आकडे, काळा पत्ता, रुंदी साधारण अंगठ्याएवढी.

आपला,
एक निवृत्त कंट्रोल रूम ऑपरेटर