पार्किंगमधली ती पाटी काढा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये गेल्या महिन्यात पाटी लागली : ‘येथे खेळण्यास सक्त मनाई. दंड 500 रुपये.’ चेंडू लागून एका गाडीचा आरसा फुटला, तेवढंच निमित्त झालं. पाथर्डी फाट्याला मुलाकडे राहायला येऊन मला चार वर्षं झाली. त्याआधी 31 वर्षं पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावर मी अंगणवाडी सेविका होते. तिथे जे पाहिलं, त्यामुळे जिन्यातून उतरताना ही पाटी मला रोज टोचते.

हंगामात पाड्यावरची माणसं दिंडोरी-निफाडकडे द्राक्षबागांच्या कामाला जायची. लेकरं कधी सोबत, कधी म्हाताऱ्यांच्या हवाली. अशीच आजीकडे राहिलेली दोन वर्षांची एक मुलगी. दंडाचा घेर मोजायची रंगीत पट्टी लावली तर लालमध्ये, म्हणजे तीव्र कुपोषणात, साडेअकरा सेंटिमीटरच्याही आत. पाय सुजलेले, अंगठ्याने दाबलं की खड्डा तसाच राहायचा. पण माझ्या पोटात गोळा आला तो तिचं तोंड बघून. रडणं नाही, हट्ट नाही, समोर खाऊ धरला तरी नजर हलत नव्हती. तिला पोषण पुनर्वसन केंद्रात दाखल केलं आणि आई कामावरून परत येईपर्यंत मीच तिच्याजवळ राहिले.

तीव्र कुपोषित मुलाच्या उपचाराच्या 10 पायऱ्या जागतिक आरोग्य संघटनेने ठरवून दिल्या आहेत आणि त्यातली नववी आहे माया आणि खेळ, हे मला तिथे कळलं. रोज 15 ते 30 मिनिटं मुलाशी खेळायचं. दूध आणि औषधाइतकंच तेही उपचारात धरलेलं. खेळणी विकतची लागत नाहीत. मी प्लास्टिकच्या बाटलीत चिंचोके भरून खुळखुळा केला, जुन्या बांगड्या दोरीत ओवल्या. दिवसातून चारदा पदराआडून ‘बुवाऽ कुक’. आठवडा गेला, काही नाही. दहाव्या दिवशी खुळखुळा माझ्या हातून निसटला आणि गडगडत खाटेखाली गेला. पोरीने मान वळवून तो कुठे गेला ते पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि तिच्या ओठाचा एक कोपरा हलला. मी सिस्टरांना हाक मारली. सूज उतरत होती, त्यामुळे वजन उलट कमीच भरत होतं. तरी सिस्टर म्हणाल्या, “बाई, हसली ना? आता पोर हाती लागली.” पुढे तीच मुलगी अंगणवाडीत लंगडीला कुणाला ऐकायची नाही.

लसीकरणाच्या दिवशी दीड महिन्याच्या डोसला आलेल्या प्रत्येक आईला मी विचारायचे, “तुझ्याकडे बघून हसतं का गं?” सहा ते आठ आठवड्यांच्या सुमारास बाळ समोरच्याचं तोंड बघून हसू लागतं. आपण उलट हसलो की आणखी हसतं, हुंकार देतं. बोलणं त्यातूनच फुटतं. आता इथे लिफ्टमध्ये कडेवरचं बाळ सगळ्यांकडे बघून हसतं आणि मोठ्यांच्या माना मोबाइलमध्ये. बाळ थोडा वेळ वाट बघतं, मग आईच्या खांद्यावर डोकं टाकतं. मला ते बघवत नाही.

माझा नातू तिसरीत आहे. त्याला खाण्यापिण्याची ददात नाही, देवाची कृपा. 5 ते 17 वयाच्या मुलांनी दिवसाला सरासरी 60 मिनिटं तरी धाप लागेल असं खेळावं, असं तीच जागतिक आरोग्य संघटना सांगते. पाटी लागल्यावर आठवडाभर मी कॅलेंडरवर त्याची मिनिटं लिहिली. रविवार सोडून एकही दिवस 20 च्या वर गेला नाही. यंदा त्याला चष्माही लागला. दिवसाच्या उजेडात बाहेर खेळणाऱ्या मुलांना लांबचं अंधुक दिसण्याचा त्रास कमी होतो, असं डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं.

पूर्वी डबा ऐसपैस खेळून घामाघूम वर यायचा आणि चपला काढायच्या आत सांगायला सुरुवात : कोण टाकीमागे लपलं, कुणी शिंकून घात केला, कुणावर तीनदा राज्य आलं. आता सोफ्यावर बसतो. “काय रे, आज काय झालं?” विचारलं, तर “काही नाही.”

गाडीची काळजी मला कळते. आमची गाडीसुद्धा हप्त्यांवरचीच आहे. दुपारी आजारी माणसांची झोप मोडते, तीही तक्रार खरी. पण मग मुलांनी जायचं कुठे? कॉलनीची मोकळी जागा नकाशात खेळासाठी सोडलेली, तिला कुलूप, आणि किल्ली कुणाकडे ते कुणी सांगत नाही. बालहक्कांचा आंतरराष्ट्रीय करार आपल्या देशाने 1992 मध्ये मान्य केला. त्याच्या 31 व्या कलमात खेळ हा मुलांचा हक्क आहे. तो पाथर्डी फाट्यापर्यंत पोहोचायला हवा.

महापालिकेने अशा जागांची कुलपं काढावीत. ती निघेपर्यंत, शहरातल्या ज्या ज्या सोसायट्यांत अशी पाटी असेल, त्यांनी संध्याकाळी 5 ते 7 पार्किंगचा एक कोपरा मुलांना द्यावा. चेंडू रबरी असावा. आमच्या सोसायटीची सभा येत्या रविवारी आहे, तिथे मी हेच मागणार आहे. ते दोन तास मी रोज खाली खुर्ची टाकून बसेन. आरसा फुटला तर पैसे मी भरेन.

— एक निवृत्त अंगणवाडी सेविका, पाथर्डी फाटा, नाशिक