गारेची नोंद कुणाच्या वहीत? मदत व पुनर्वसन मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री, मदत व पुनर्वसन विभाग,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,
स. न. वि. वि.

मी जालना जिल्ह्यातला द्राक्ष बागायतदार. कडवंचीच्या पट्ट्यात शेततळ्याच्या भरवशावर बाग करतो. मागणी पुढे मांडतोच, त्याआधी माझ्या घराच्या गच्चीवर काय आहे ते सांगतो. थर्माकोलची फूटभर लांब-रुंद पाटी, तिच्यावर चपात्या गुंडाळायची चांदी, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमची फॉईल, ताणून बसवलेली आणि वाऱ्यानं उडू नये म्हणून चारी कोपरे तारेनं बांधलेले. नुसत्या पावसानं या पाटीला काही होत नाही. गार पडली की चांदीवर खळी उमटते. हरभऱ्याएवढ्या गारेची खळी वेगळी, सुपारीएवढीची वेगळी. वारं असेल तर खळी लांबट होते आणि गार कुठल्या बाजूनं आली तेही कळतं. पाटीच्या पाठीवर तारीख, सुरू झाल्याची वेळ आणि थांबल्याची वेळ लिहून ठेवतो. जुन्या पाट्या धान्याच्या खोलीत उभ्या लावल्यात. घरात त्यांना ‘बाबांचे पुरावे’ म्हणतात, अर्थात चेष्टेनं.

पाटीची युक्ती माझी नाही. अमेरिकेत कोलोरॅडो राज्यात फोर्ट कॉलिन्सला १९९७ साली मोठा पूर आला. गावाच्या एका टोकाला किती कोसळला आणि दुसऱ्या टोकाला किती, हे मोजायला पुरेशी साधनं नव्हती. म्हणून १९९८ पासून तिथल्या साध्या नागरिकांनी घरोघरी पाऊस आणि गार मोजायला सुरुवात केली. अशाच चांदी लावलेल्या पाट्या त्यांनी अंगणात मांडल्या. माझा भाचा टेक्सासमध्ये डॅलसला असतो, त्यानं फोनवर हे सांगितलं. तिकडे वसंतात वादळी ढग आला की प्रशिक्षण घेतलेले स्वयंसेवक गारेचा आकार हवामान खात्याला कळवतात. एक इंच आणि त्याहून मोठी गार तिथं ‘तीव्र’ धरतात. आपलं दहा रुपयांचं नाणं २७ मिलिमीटरचं, म्हणजे इंचापेक्षा किंचित मोठं. माप आपल्या खिशातच आहे.

ही पाटी घेऊन मी एकदा एका कार्यालयात गेलो होतो. कार्यालयाचं नाव घेत नाही, कारण माणूस सज्जन होता, चहाही पाजला. पाटी उलटसुलट करून बघितली आणि म्हणाला, “काका, आमच्याकडे नुकसानीची नोंद घेतात, गारेची नाही.”

हे पत्र त्या वाक्यासाठी लिहितोय.

नुकसानीचा पंचनामा होतो. तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक मिळून करतात, ३३ टक्के नुकसानीची अट लावतात, मग याद्या लागतात. तो कसा होतो, कधी होतो यावर बोलणारे पुष्कळ आहेत, मी त्यात शिरत नाही. पण माणूस बांधावर येईपर्यंत गार वितळून तिचं पाणीही आटलेलं असतं. द्राक्षाचं तर आणखी अवघड. पहिल्या दिवशी मण्यावर नुसता ठिपका दिसतो, तिसऱ्या-चौथ्या दिवशी तो काळा पडतो आणि मग घड सडायला लागतो. पहिल्या दिवशी आलेला माणूस ‘थोडं नुकसान’ लिहून जातो आणि पाचव्या दिवशी आलेल्याला बाग गेलेली दिसते. ओलांड्यावर, म्हणजे वेलीच्या आडव्या फांदीवर, बसलेला मार तर पुढच्या हंगामापर्यंत भरत नाही. गार केवढी होती आणि किती मिनिटं पडली हे कुठे लिहिलेलं असतं, तर या वादातला अर्धा वाद झालाच नसता.

तुम्ही म्हणाल, प्रत्येक महसूल मंडळात स्वयंचलित हवामान केंद्र आहे. आहे. महावेध या हवामान केंद्रांच्या सरकारी प्रकल्पात राज्यभर दोन हजारांहून जास्त केंद्रं बसली, चांगलं काम झालं. ते केंद्र पाऊस मोजतं, तापमान, आर्द्रता आणि वाऱ्याचा वेगही मोजतं. गार मोजत नाही. शिवाय एका मंडळात पंधरा-वीस गावं, कुठे त्याहून जास्त. गारेचा पट्टा कधी कधी अर्धा-एक किलोमीटर रुंद असतो. माझ्या पाटीवर खळ्याच खळ्या आणि ओढ्यापलीकडच्या सोयऱ्याची पाटी कोरी करकरीत, असं दोनदा झालंय. मंडळाच्या केंद्रावर त्या दिवशी चार-दोन मिलिमीटर पाऊस लिहिला जातो. आकडा खराच असतो, आमच्या शिवारातला नसतो एवढंच.

रडारचंही तसंच. मुंबई आणि नागपूरची रडार जालन्यापासून सरळ रेषेत सव्वातीनशे-साडेतीनशे किलोमीटरवर. पृथ्वी गोल असल्यानं एवढ्या लांब येईपर्यंत त्यांचा किरण जमिनीपासून फार उंचावर गेलेला असतो, त्याला ढगाचा माथा दिसतो, पाय दिसत नाहीत. छत्रपती संभाजीनगरजवळच्या म्हैसमाळच्या रडारबद्दल आम्ही पेपरात वाचत आलोय, आणि ते हवंच. पण ते एक्स बँडचं, म्हणजे आखूड लहरींचं, असेल तर गार आणि मुसळधार पावसातून आरपार बघताना थकतं, एका दाट ढगामागचा दुसरा ढग त्याला नीट दिसत नाही. आणि कितीही भारी रडार आणलं, तरी ते ढगातली गार दाखवील. वावरात पडली का, केवढी पडली, हे सांगायला खाली माणूसच लागतो.

आमच्याकडची माणसं हे काम करतातच. २०१४ साली फेब्रुवारीच्या शेवटापासून मार्चच्या मध्यापर्यंत गारांनी मराठवाडा, विदर्भ आणि नाशिक-सोलापूरकडचा भाग झोडपून काढला. त्यानंतर आमच्या आसपासच्या गावांनी व्हॉट्सअ‍ॅपवर एक ग्रुप केला. पुढे ११ फेब्रुवारी २०१८ ला, रविवारी सकाळी, जालना-बुलढाण्याच्या हद्दीवर पुन्हा तोच मार बसला आणि ग्रुप वाढला. त्यात शाळेतले गुरुजी आहेत, दूध गोळा करणारा पोरगा आहे, हार्वेस्टरवाला आहे आणि मेंढ्या घेऊन हिंडणारे दोघं आहेत. सगळ्यात उपयोगाचे मेंढकेच, कारण ते उघड्यावर असतात आणि आभाळाकडे बघणं हाच त्यांचा धंदा. पश्चिमेला वर डोकावलेला ढग, त्याच्या पोटातला हिरवट-काळा रंग, आणि मग तो घोंगावणारा आवाज. एकदा ऐकलेला माणूस तो विसरत नाही.

ग्रुपचे नियम कडक आहेत. गारेचा फोटो टाकायचा तर शेजारी दहाचं नाणं ठेवायचं आणि गावाचं नाव आणि वेळ लिहायची. हे सुरुवातीला नव्हतं. तेव्हा दर मार्चला कुणीतरी २०१४ चे पांढऱ्या शिवाराचे व्हिडिओ ‘आत्ताचे’ म्हणून सोडायचा आणि चार गावांची झोप उडायची. साधी वावटळ उठली तरी ‘टोर्नेडो आला’ म्हणणारेही होते. उन्हानं तापलेल्या जमिनीवरून उठणारी वावटळ वेगळी आणि वादळी ढगाच्या पोटातून खाली उतरणारी सोंड वेगळी. तसली सोंड आपल्याकडे क्वचित, पण देशात येत नाही असं नाही. पश्चिम बंगालमध्ये जलपायगुडीला ३१ मार्च २०२४ ला तसलीच सोंड उतरली, ते सगळ्यांनी बघितलं. आकारावरूनही भांडणं झाली. बोराएवढी म्हणजे रानबोर की अ‍ॅपल बोर? म्हणून शेवटी नाणं.

हे ढग मार्च-एप्रिलमध्ये बहुतेकदा पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकतात. दरवेळी नाही, पण बहुतेकदा. तासाला तीस-चाळीस किलोमीटर धरा. पंचवीस किलोमीटरवरच्या गावानं “इथं पडतीय” असं लिहिलं की आम्हाला अर्धा-पाऊण तास मिळतो. तेवढ्यात द्राक्ष वाचत नाही, हे सरळ सांगतो. पण हरभऱ्याच्या गंजीवर ताडपत्री पडते. कडुलिंबाखाली बांधलेली जनावरं सोडून गोठ्यात घेता येतात. निंदायला गेलेल्या बाया घरी येतात. विजेसाठी ‘दामिनी’ अ‍ॅप आहे, पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेनं केलेलं, आणि आमच्याकडे ते बऱ्याच जणांच्या फोनमध्ये आहे. विजेसाठी जे जमलं ते गारेसाठी आणि वाऱ्यासाठी का जमू नये?

९ एप्रिल २०२३ ला अकोला जिल्ह्यात पारसला मंदिराच्या सभामंडपाच्या पत्र्यावर वादळात कडुलिंबाचं झाड कोसळलं आणि आत थांबलेल्यांपैकी सात माणसं गेली. वाटेतल्या एखाद्या गावानं अर्धा तास आधी फोन केला असता तर काय झालं असतं, ते मी सांगू शकत नाही. पण तसा फोन कुणी कुणाला करायचा, हे आज कुठेच ठरलेलं नाही. हवामान खातं तीन तासांचा इशारा जिल्ह्याला देतं. जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला गार पडायला लागली, ही बातमी पूर्व टोकाला मात्र सोयऱ्याधायऱ्यांच्या फोनवरून जाते.

एक जुनी गोष्ट आठवली. आमच्या शेजारी विदर्भात गारपगारी म्हणून समाज आहे. गावावरची गार परतवणं हे त्यांचं परंपरागत काम, आणि त्यासाठी गाव त्यांना सुगीला धान्य देई. मंत्रानं गार परतत नाही हे मलाही कळतं. पण आभाळात ढग जमला की गावातल्या एका माणसानं सगळं सोडून त्याच्याकडे बघायचं, ही जबाबदारी तेव्हा ठरलेली होती आणि त्याचं मानधनही. आता कोतवालापासून कृषी सहायकापर्यंत सगळे आहेत आणि ढगाकडे बघण्याचं काम कुणाच्याच जॉब चार्टमध्ये नाही.

तर मागणी अशी. तालुक्यातल्या प्रत्येक मंडळात पाच-सहा गावकरी ‘गार निरीक्षक’ म्हणून नेमा. पगार नको, ओळखपत्र द्या आणि एक दिवसाचं प्रशिक्षण द्या. त्यांनी वेळ, नाण्याशेजारचा फोटो आणि गावाचं नाव एका ठरलेल्या नंबरवर पाठवायचं. तिथं बसलेल्या माणसानं ते ढगाच्या वाटेवरच्या गावांना लगेच कळवायचं आणि हवामान खात्यालाही द्यायचं, कारण रडारवर दिसलं ते खरं होतं का हे त्यांनाही त्यातूनच कळेल. पंचनाम्याच्या नमुन्यात गारेचा आकार, सुरू झाल्याची वेळ आणि किती मिनिटं पडली असे तीन रकाने वाढवा. आणि जिल्हा परिषदेच्या शाळांच्या छतावर अशा पाट्या बसवा. थर्माकोल आणि चांदीला लागून लागून किती पैसे लागतील? पोरं मोजतील. आमच्या शाळेतली मोजतात, आणि खळ्या मोजताना मोठ्या माणसांपेक्षा कमी चुकतात.

खोटे फोटो येतील, अशी तुमच्या अधिकाऱ्यांना भीती वाटेल. येतील. पण एका गावानं सुपारीएवढी गार लिहिली आणि आजूबाजूच्या तीन गावांच्या पाट्या कोऱ्या निघाल्या, तर पट्टा अरुंद होता की माणूस बनेल होता, हे तपासायला निदान काहीतरी हातात असेल. आज तेवढंही नाही.

आम्ही फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात पाट्या बदलतो. तेव्हा विभागातला एखादा अधिकारी पाठवा. जुन्या पाट्या ओळीनं मांडून ठेवतो. चांदीचा रोल आम्ही आणू, त्यांनी येताना एक चांगली मोजपट्टी आणावी. आमची पुसट झाली आहे.

आपला,
कडवंची पट्ट्यातला एक द्राक्ष बागायतदार,
जि. जालना