विहीर उपसायला आलेल्या रविवारच्या मंडळींना

प्रिय मंडळींनो,

तुमच्या संस्थेचं नाव या पत्रात येणार नाही. आमच्या तालमीच्या पोरांनी बॅनर लावू का म्हणून विचारलं, तेव्हा तुम्ही हात जोडून नको म्हणालात. तो शब्द मी पाळते. पण आभार मानू नका असं काही तुम्ही म्हणाला नव्हता. परवा विहिरीतून पहिल्यांदा नितळ पाण्याची बादली वर आली आणि माझ्या सासूबाईंनी त्यात कोपरापर्यंत हात घातला, तेव्हापासून हे पत्र मनात घोळतंय. अजून नीट शब्द सापडत नाहीत. तरी लिहायला बसले, कारण जरा शांत झाल्यावर लिहू म्हटलं की राहूनच जातं.

आमची विहीर कुणी बांधली हे सांगणारं आता कोल्हापुरातल्या आमच्या पेठेत कुणी उरलेलं नाही. काळ्या घडीव दगडाची, आत उतरायला पायऱ्या, वर रहाटाचे दोन दगडी खांब. कळंब्याच्या तलावाचं पाणी शहरात पाण्याच्या खजिन्यापर्यंत, म्हणजे जुन्या साठवण टाकीपर्यंत, येत होतं तेव्हाही आमची निम्मी गल्ली या विहिरीवरच होती, असं सासूबाई सांगतात. मग घरोघरी नळ आले. रहाट गेला, दोर गेला, कठड्यावरची जाळी गंजून तुटली. आणि एकदा का पाणी भरायला कुणी वाकेनासं झालं, की टाकायला हात मोकळे होतात. हार, नारळ, जुन्या गाद्यांचा कापूस, थर्माकोलची मखरं, छोट्या गणपतीच्या मूर्ती. सगळं आत.

तिची खरी किंमत आम्हाला पुरानं कळली. २०१९ च्या ऑगस्टात पंचगंगेनं राजाराम बंधाऱ्यापाशी ५५ फुटांची पातळी ओलांडली. इशारा पातळी ३९ फुटांची आणि धोक्याची ४३ ची, म्हणजे किती पाणी आलं असेल ते कोल्हापूरबाहेरच्या वाचकांनाही कळेल. शिरोलीजवळ हायवे बंद, चारी बाजूंनी गावाला पाण्याचा वेढा, आणि नळाला थेंब नाही, कारण शहराला पाणी उचलून देणारी उपसा केंद्रंच पुरात बुडालेली. २०२१ च्या जुलैत पुन्हा तेच. टँकर आला की बाया-पोरं घागरी घेऊन धावायची. आमच्या विहिरीत तेव्हा वरपर्यंत पाणी होतं आणि त्याला हात लावायची सोय नव्हती. इतका वास यायचा. सासूबाई त्या दिवसांत खिडकीत बसून विहिरीकडं बघत राहायच्या. एकदा म्हणाल्या, "घरात लक्ष्मी असून उपाशी झोपल्यागत झालंय बघ."

त्यानंतर आम्ही दारोदार फिरलो. ज्यांचं ते काम होतं त्यांच्याकडंही गेलो आणि ज्यांना मतं हवी असतात त्यांच्याकडंही. एका साहेबांनी जागेवर उभं राहून, आत न डोकावता सांगितलं, "धोकादायक आहे, बुजवून टाका. वर पेव्हिंग ब्लॉक घालून देतो, चार गाड्या लागतील." दुसरे एकजण फोटोवाला घेऊन आले. कठड्याला हार घातला, नारळ फोडला, विहीर पुनरुज्जीवनाचा शुभारंभ झाला असं जाहीर केलं आणि गाडीत बसून गेले. त्या नारळाच्या करवंट्या विहिरीतच पडल्या. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. तिसऱ्यांनी काही केलं नाही, फक्त आम्हाला झापलं. तुम्हीच घाण करता आणि तुम्हीच अर्ज देता, म्हणाले. हे बोलणं सासूबाईंच्या फार मनाला लागलं होतं, कारण त्यांनी आयुष्यात त्या विहिरीत कधी फूलसुद्धा टाकलं नव्हतं.

आपलं गाव रस्त्यावर उतरायला कधी मागं नसतं. टोल घालवला. काळम्मावाडी धरणातून शहरात पाणी आणणाऱ्या थेट पाइपलाइनसाठी वर्षानुवर्षं मोर्चे काढले, आणि २०२३ च्या दिवाळीत ते पाणी शहरात आणलं. मला याचा अभिमान आहे. पण थेट पाणी आलं म्हणून गल्लीतली विहीर बुजवायची, हे कुठलं शहाणपण? पुरात पंप बंद पडले, वीज गेली, की शेवटी पोहऱ्यानं काढता येतं तेच पाणी आपलं. एवढी साधी गोष्ट पटवून देताना आमच्या जिभेला फोड आले, आणि तुम्हाला मात्र ती सांगावीच लागली नाही.

परवानग्या कशा मिळवल्यात, पंप कुणाचा आणला, ट्रॅक्टरला डिझेल कुणी घातलं, हे मला माहीत नाही आणि त्याचा पाढा वाचायचाही नाही. रविवारी उजाडता उजाडता तुम्ही आलात एवढं आठवतं. तुमच्यातले ते पांढऱ्या मिशीचे काका सगळ्यात आधी कठड्यापाशी गेले. बादलीत पेटता दिवा ठेवून त्यांनी तो सावकाश खाली सोडला आणि ज्योत राहते का विझते ते बघत राहिले. जुन्या विहिरीच्या तळाला विषारी हवा साठते, माणूस उतरला की गुदमरतो, हे त्यांनी कडेला जमलेल्या पोरांना समजावून सांगितलं. ज्योत विझली. वारा आत खेळेपर्यंत त्यांनी कुणाला पायरीवरसुद्धा पाय ठेवू दिला नाही. आम्हाला घाई झालेली, त्यांना अजिबात नव्हती. तिथंच माझा जीव भांड्यात पडला. काम जाणणारी माणसं आलीत, एवढं कळलं.

मग गाळ निघायला लागला. घमेल्यामागून घमेली. काळा, चिकट, डोकं उठवणारा वास. त्यात प्लास्टरच्या मूर्तींचे हात, सोंडा, पाट. काकांनी असाच एक गोळा माझ्या हातात दिला. किती वर्षं पाण्यात होता कोण जाणे, पण दगडासारखा. शाडूची मूर्ती पाण्यात बसते आणि तिची माती होते. प्लास्टर विरघळत नाही, ते तळाशी जाऊन थर धरतं आणि झऱ्यांची तोंडं लिंपून टाकतं, असं ते म्हणाले. विहिरीत पाणी पावसाचं साचायचं, जमिनीतून येत नव्हतं, त्याचं कारण तेव्हा मला समजलं.

आता ज्या गोष्टीसाठी हे पत्र लिहितेय, ती सांगते.

दुपार व्हायला आली होती आणि गाळातून देव निघायला लागले. तडा गेलेली तसबीर घरात ठेवू नये म्हणतात. कचऱ्यात टाकायला मन होत नाही. मग लोक ती विहिरीत सोडतात. अशा कितीतरी वर्षांच्या तसबिरी वर आल्या. अंबाबाई, जोतिबा, दत्तमहाराज, कुणाच्या लग्नात आलेली लक्ष्मी. काचा फुटलेल्या, चौकटी कुजलेल्या, वर हा असा चिखल. कठड्याभोवती अख्खी गल्ली उभी होती आणि एकाएकी सगळे गप्प झाले. आता बोलणी बसणार, असं प्रत्येकाच्या तोंडावर दिसत होतं. आधी आलेल्यांनी बोलूनच दाखवलं होतं ना.

तुमच्यातली निळ्या टी-शर्टातली ती पोरगी, कॉलेजात असेल, तिनं काही न बोलता माझ्या दारातली बादली ओढून घेतली आणि खाली बसली. एकेक तसबीर मांडीवर घ्यायची, मागचे गंजलेले खिळे वाकवायचे, काचेचे तुकडे पोत्यात, लाकडाच्या पट्ट्या एका बाजूला, तार एका बाजूला, आणि मग तो कागद. बहुतेक कागदांचा लगदाच झाला होता. तो लगदासुद्धा तिनं गाळाच्या ढिगावर फेकला नाही, एका परातीत वेगळा ठेवला. मी म्हटलं, "अगं राहू दे, हे मी करते." तर म्हणाली, "असू दे की काकी, मी करतो. तुम्ही आज्जींना सावलीत बसवा."

त्यात एक अंबाबाई पितळी पत्र्यावर उठवलेली होती. ती तेवढी टिकली होती. देवीच्या मुकुटाच्या नक्षीत अडकलेला गाळ त्या पोरीनं नखानं काढला. मग पत्रा उलटा करून मागची बाजू धुतली. मागं भांड्यावर घालतात तसं नाव घातलेलं होतं. आमच्याच गल्लीतल्या एका घराचं नाव. मी तिच्या खांद्यामागंच उभी होते, मलाही ते वाचता आलं. तिनं ते वाचलं, क्षणभर थांबली, एकदासुद्धा वर न बघता रुमालानं पत्रा पुसला, आणि नाव भिंतीकडं करून देवी उभी करून ठेवली. बाकीच्या लोकांना काही कळलंही नाही.

ज्यांच्या घराचं नाव होतं त्या वहिनींना मात्र कळलं. त्यांनी आपली अंबाबाई लांबूनच ओळखली असणार. थोड्या वेळानं त्या घरात गेल्या, मला वाटलं आता दार लावून घेतात. पण त्या घासणी आणि दुसरी बादली घेऊन आल्या आणि तिच्या शेजारी बसल्या. मग आणखी दोघी आल्या. संध्याकाळी ट्रॅक्टर भरून गेला तोवर गल्लीतला एकही माणूस कडेला उभा नव्हता. आमच्या तालमीतली जी पोरं सकाळी मोबाइलवर शूटिंग करत होती, ती दुपारी साखळी करून घमेली ओढत होती.

पोरी, हे तू वाचत असशील तर तुला सांगते. ते नाव तू मोठ्यानं वाचलं असतंस, नुसती हसली असतीस, तरी त्या वहिनी परत विहिरीकडं फिरकल्या नसत्या. त्यांच्या घरानं आमच्याशी बोलणं टाकलं असतं, कोण खरं कोण खोटं यावर गल्लीत दोन तट पडले असते आणि गणपतीपर्यंत विहीर पुन्हा भरली असती. आता रोज रात्री विहिरीवरची नवी जाळी ओढून कुलूप घालणाऱ्या त्याच वहिनी आहेत. चावी त्यांच्याच घरी असते. गाळ काय, पैसे मोजले असते तर ठेकेदारानंही काढला असता. हे त्याला जमलं नसतं.

अशी वागणूक कुठून येते याचा मी बराच विचार केला. पंचगंगेच्या घाटावर अनंत चतुर्दशीला रात्री उशिरापर्यंत उभं राहून, लोकांच्या पाया पडून मूर्तिदान मागणारी, निर्माल्य वेगळं करणारी माणसं मी इतकी वर्षं पाहत आले. सुरुवातीला त्यांना काय काय ऐकून घ्यावं लागलं, तेही ऐकलंय. आज लोक नदी सोडून आपण होऊन विसर्जनाला इराणी खणीकडं, म्हणजे दगडाच्या जुन्या खाणीतल्या तळ्याकडं, जातात, याला त्यांचं ते ऐकून घेणं कारण आहे. जयंती नाल्याच्या सांडपाण्यावर, रंकाळ्याच्या हिरव्या पाण्यावर वर्षानुवर्षं कागद घेऊन भांडणारी माणसंही आपल्यातलीच. २०१२ मध्ये इचलकरंजीत काविळीची साथ आली, माणसं दगावली, तेव्हा नदीचं दुखणं सगळ्यांना दिसलं. ही माणसं ते आधीपासून सांगत होती. नोकरी, दुकान, शेती, घरचं आजारपण सांभाळून लोक हे करतात. कुणी त्यांना पगार देत नाही. रिकामटेकडे म्हणणारे मात्र भरपूर. तुमच्या हातावरचे फोड ज्यांनी पाहिले ते परत तसं म्हणणार नाहीत. निदान आमच्या गल्लीत तरी मी कुणाला म्हणू देणार नाही.

आता विहिरीची हकिगत. गाळ निघाल्यावर पूर्वेकडच्या कपारीतून पाझर सुरू झाला. आधी दगड नुसता ओला दिसला, मग बारीक धार. तपासणी करून घेतल्याशिवाय ते पाणी पिऊ नका म्हणून तुम्ही बजावलंय, आम्ही पीत नाही. धुण्याला, झाडांना, वापरायला घेतो. आणि तुमच्या काकांनी जाता जाता खडूनं कठड्यावर जे गणित मांडलं होतं, ते आम्ही पुसलेलं नाही. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. कोल्हापूर शहरात वर्षाला साधारण हजार मिलिमीटर पडतो, गगनबावड्याला त्याच्या कितीतरी पट. म्हणजे शंभर चौरस मीटरच्या छतावरून सगळं धरून लाखभर लिटर गटारात जातं. तालमीचा पत्रा त्याहून मोठा आहे. पन्हाळी लावून, वाळू-खडीच्या टाकीतून गाळून ते पाणी विहिरीकडं आणायचं ठरलंय. वर्गणी सुरू आहे. पहिली पावती सासूबाईंनी फाडली, त्यांच्या पेन्शनमधून. देवघरातलं निर्माल्य आता गल्लीच्या टोकाला ठेवलेल्या पिंपात जातं आणि त्याचं खत होतं; फुलवाल्या मावशींचा मुलगा त्याच्याकडं बघतो.

तुम्ही जेवायला थांबला नाहीत. पुढच्या गल्लीत झाडांना ठोकलेले जाहिरातींचे खिळे काढायचे राहिलेत, म्हणालात, आणि चहावर निघून गेलात. हे आम्हाला लागून राहिलंय. आमच्याकडं पाहुणा असा रिकाम्या पोटी जात नाही. तेव्हा येत्या अमावास्येआधीचा कुठलाही रविवार सांगा. तांबडा-पांढरा मी करते, वहिनी भाकरी थापतील, न खाणाऱ्यांसाठी अख्खा मसूर आहे. आणि जेवण झाल्यावर जिथं जायचं असेल तिथं आमची पोरंही तुमच्याबरोबर येतील. त्यांनी स्वतःची घमेली घेतली आहेत.

तुम्हा सगळ्यांची,
विहिरीसमोरच्या घरातली काकी