कादंबरीच्या जागी नाटक आणि नाटकाच्या जागी झेरॉक्स

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग
(प्रत: तक्रार निवारण अधिकारी)

विषय: जयवंत दळवी यांच्या कादंबऱ्या व नाटकांच्या ऑर्डरमध्ये चुकीची, सदोष आणि बेकायदा प्रत पाठवल्याबद्दल.

महोदय,

ऑर्डर क्रमांक, बिल आणि फोटो सोबत जोडले आहेत. आज दुपारी तुमच्या प्रतिनिधीशी जे बोलणं झालं त्यानंतर फोन करण्यात अर्थ उरलेला नाही, म्हणून हे लेखी.

दळवींचा जन्म 14 ऑगस्ट 1925 चा. जन्मशताब्दीच्या निमित्ताने तुम्ही आपल्या ऑनलाइन दुकानावर 'कादंबऱ्या आणि नाटके, सर्व उपलब्ध' अशी जाहिरात केलीत आणि तिच्यावर विसंबून वाचनालयाने दहा पुस्तकं मागवली. कादंबऱ्यांत 'चक्र', 'महानंदा', 'अंधाराच्या पारंब्या', 'सारे प्रवासी घडीचे'. नाटकांत 'संध्याछाया', 'बॅरिस्टर', 'सूर्यास्त', 'महासागर', 'पुरुष', 'नातीगोती'. ('सारे प्रवासी घडीचे'ला कादंबरी म्हणावं की नाही यावर वाद घालता येईल. तो तुमच्याशी घालायची वेळ आली नाही, कारण ते पुस्तक धड आलं.)

आता काय धड आलं नाही ते.

'अंधाराच्या पारंब्या' आलीच नाही. तिच्या जागी 'बॅरिस्टर'ची दुसरी प्रत आली. दळवींनी आपल्या या कादंबरीवरूनच 'बॅरिस्टर' लिहिलं, हे कोणत्याही जुन्या पुस्तकविक्रेत्याला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेल. पण कादंबरीवरून नाटक झालं म्हणजे कादंबरी रद्द झाली असं नव्हे. तुमच्या यंत्रणेत मात्र तसंच झालेलं दिसतं. तुमच्या संकेतस्थळावर दोन्ही पुस्तकांच्या पानांवर आयएसबीएनच्या (प्रत्येक पुस्तकाच्या स्वतंत्र ओळख-क्रमांकाच्या) रकान्यात तेरा शून्यं आहेत. दळवींच्या जुन्या आवृत्त्यांवर हा क्रमांक नसतो, त्यामुळे माहिती भरणाऱ्याने रकाना रिकामा ठेवण्याऐवजी शून्यं ठोकली. लेखक एक, क्रमांक एक, म्हणून यंत्राने दोन्ही पुस्तकं एकच धरली आणि गोदामात जे हाताशी होतं ते पाठवून दिलं. आयएसबीएनची कसोटी सोपी आहे: पहिल्या बारा अंकांना आळीपाळीने 1 आणि 3 ने गुणायचं, बेरीज करायची आणि पुढच्या दहाच्या पटीला जेवढे कमी पडतात तो तेरावा अंक. तेरा शून्यं या कसोटीत बिनबोभाट पास होतात. त्यामुळे तुमच्या यंत्राने हरकत घेतली नाही. माणसाने घ्यायला हवी होती.

नाटक आणि कादंबरी ओळखायला साहित्याची पदवी लागत नाही. पुस्तक उघडा. सुरुवातीला पात्रांची यादी, पहिल्या प्रयोगाची नोंद आणि पुढे 'अंक पहिला' असं दिसलं की ते नाटक. पॅकिंग करणाऱ्याला हे एकदा दाखवून ठेवा.

'बॅरिस्टर'च्या पानावरचं वर्णन तर वाचनीयच आहे: 'थरारक कोर्टरूम ड्रामा'. या नाटकात कोर्ट नाही. ते वाड्यात घडतं. विलायतेहून शिकून आलेला माणूस, घराण्यातल्या वेडाची सावली आणि विधवेचं केशवपन हा त्याचा विषय. शिवाय नाव 'बँरिस्टर' असं टाइप केलंय, म्हणजे ब वर अर्धचंद्राऐवजी चंद्रबिंदू. शुद्ध नाव टाकून शोधलं की 'एकही पुस्तक सापडलं नाही' असं उत्तर येतं. 'गुंतता हृदय हे'ची तीच गत, तिथे 'ह्रदय' लिहिलंय आणि लेखक म्हणून दळवींचं नाव दिलंय. ते नाटक शं. ना. नवरे यांचं. आधार दळवींच्या 'महानंदा'चा, नाट्यलेखन नवरे यांचं. मूळ लेखक आणि नाटककार असे दोन रकाने ठेवले असते तर ही वेळ आली नसती, पण तुमच्याकडे रकाना एकच आणि त्यात जे नाव आधी सुचेल ते.

'चक्र' कुठे सापडलं सांगू? योग आणि अध्यात्म विभागात, मूलाधार आणि सहस्रार यांच्या मधोमध. मुंबईच्या झोपडपट्टीवरची 1963 ची कादंबरी. 'पुरुष' हे बलात्कार आणि सत्तेच्या माजावरचं नाटक तुम्ही 'पुरुषांचं आरोग्य व निगा' या विभागात ठेवलंय. याला विनोद म्हणून सोडून दिलं असतं, पण विभागानुसार कर लागत असल्यामुळे बिलात या एका नाटकावर जीएसटी दाखवला गेला आहे. छापील पुस्तकांवर जीएसटी शून्य आहे. पुस्तकांचा एचएसएन क्रमांक, म्हणजे करासाठीचा वस्तूचा क्रमांक, 4901. तुमच्या बिलात भलताच आहे. बाकीच्या पुस्तकांपुढे नुसतं 'मराठी बुक' असं नऊ वेळा छापलंय. सार्वजनिक वाचनालयाला अनुदानाच्या हिशेबात ग्रंथखरेदीचं बिल जोडावं लागतं आणि त्यावर प्रत्येक ग्रंथाचं नाव, लेखक, छापील किंमत आणि सूट लागते. दाखल नोंदवहीत 'मराठी बुक' या नावाचा ग्रंथ आम्ही कोणत्या लेखकाच्या खाती घालायचा?

'महानंदा'च्या प्रतीत पृष्ठ 81 ते 96 दोनदा आहेत आणि 97 ते 112 नाहीतच. पुस्तक सोळा पानांच्या फर्म्यांत, म्हणजे एकत्र छापून घडी घातलेल्या कागदांत, छापतात. सहावा फर्मा 81 ते 96 चा, सातवा 97 ते 112 चा. जुळवणीच्या वेळी सातव्याच्या जागी सहाव्याचा गठ्ठा लागला की हे असं होतं. ही चूक सहसा एकट्या प्रतीत नसते, तो गठ्ठा संपेपर्यंतच्या सगळ्या प्रतींत असते. म्हणूनच पहिल्या तक्रारीत लिहिलं होतं की बदली प्रत त्याच बंडलातली पाठवू नका. तुम्ही त्याच बंडलातली पाठवलीत. 81 ते 96 पुन्हा दोनदा. त्यावर आलेला खुलासा असा की 'क्वालिटी टीमने पृष्ठसंख्या आणि वजन तपासलं असून दोन्ही बरोबर आहे'. असणारच! सोळा पानं गेली आणि सोळा जादा आली. वजनावर रद्दी विकतात. पुस्तक तपासताना पृष्ठांक बघायचे असतात, तेही सगळे नाही. दर सोळा पानांनी एक पाहिला तरी दोन मिनिटांत निकाल लागतो.

आणि 'महासागर'. ही प्रत छापलेली नाही, कुठल्या तरी जुन्या प्रतीचं स्कॅन करून काढलेली आहे. सांगतो कसं कळतं ते. ओळी पानागणिक तिरक्या होतात. शिवणीच्या बाजूला काळी सावली आहे आणि तिथल्या वेलांट्या व काने कापले गेलेत. कागद झेरॉक्सचा, पांढराफट्ट. किंमत, आवृत्ती आणि हक्कांची माहिती असलेलं पानच गायब. आणि मुखपृष्ठाच्या आतल्या पानावर दुसऱ्याच एका वाचनालयाचा शिक्का दाखल क्रमांकासकट छापून आला आहे. शाईचा नाही, छापलेला. म्हणजे कुणीतरी वाचनालयातून पुस्तक घरी नेलं, स्कॅन केलं आणि तुमच्या दुकानावरून दुसऱ्या वाचनालयाला पूर्ण किमतीला विकलं.

दळवी 16 सप्टेंबर 1994 रोजी गेले. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूच्या पुढच्या वर्षापासून 60 वर्षं हक्क राहतात, म्हणजे 2054 च्या अखेरपर्यंत. तोवर असली प्रत विकणं हा कॉपीराइट कायद्याचा भंग आहे. विक्रेता त्रयस्थ आहे असं सांगून तुम्हाला हात झटकता येणार नाहीत, कारण पैसे तुमच्या खात्यात गेले आणि खोक्यावर चिकटपट्टी तुमच्या नावाची आहे. नाटकाच्या बाबतीत नुकसान आणखी वेगळं. हौशी मंडळी वाचनालयातून संहिता नेतात, वाचन करतात, आवडली तर स्पर्धेसाठी बसवतात. प्रयोगाला हक्कधारकाची लेखी परवानगी लागते, रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं. परवानगीसाठी कुणाला लिहायचं हे ज्या पानावर असतं, तेच पान तुमच्या विक्रेत्याने उडवलंय. चुकून उडालं असेल असं मानायला मन तयार होत नाही.

आता आजच्या फोनबद्दल. हा भाग जरा लांबेल, पण व्यवस्थापनाने तो वाचावाच, कारण तुमच्याकडे संभाषण ध्वनिमुद्रित होतं असं सुरुवातीलाच एक बाई सांगतात.

कादंबरीऐवजी नाटक आलं, हे सांगितलं. प्रतिनिधी म्हणाले, "सर, स्टोरी तर सेमच आहे ना?" म्हटलं, कथानकाचा आधार एक आहे, पुस्तकं दोन आहेत, दोन्हींचे पैसे घेतलेत. "पण सर, मग तुम्हाला कंटेंट तर मिळाला ना." म्हटलं, मिळाला, दोनदा मिळाला, कादंबरी पाठवा. थोडा वेळ संगीत वाजलं. परत आल्यावर म्हणाले, "सिस्टिममध्ये दोन्ही एकच प्रॉडक्ट दाखवतंय, त्यामुळे राँग आयटम म्हणून रिक्वेस्ट टाकता येत नाही. टायटल करेक्ट करून घ्यावं लागेल." करा की. "ते आम्ही नाही करू शकत सर, ते ऑथरने करायचं असतं. तुम्ही ऑथरना सांगा, पोर्टलवर लॉगिन करून रिक्वेस्ट टाकायला."

म्हटलं, लेखक 1994 साली वारले.

"ओके सर. मग त्यांच्या रजिस्टर्ड ई-मेल आयडीवरून मेल आला तरी चालेल."

हे वाक्य जसंच्या तसं लिहिलं आहे. शांतपणे पुन्हा सांगितलं की ते हयात नाहीत. तर म्हणाले, "मी समजू शकतो सर, पण प्रोसेस आहे." आणि त्यानंतर, फोन ठेवण्याआधी, "अजून काही मदत करू शकतो का?" अजून? त्या मुलावर राग नाही. समोरच्या पडद्यावर जे लिहिलंय ते तो वाचतो. राग त्याच्यावर आहे ज्याने तो पडदा लिहिला आणि पुस्तकाच्या दुकानात लेखक मरूही शकतो ही शक्यताच धरली नाही. ज्या माणसाने 'ठणठणपाळ' या नावाने वर्षानुवर्षं 'ललित' मासिकातून साहित्यव्यवहाराची टर उडवली, त्याला वर बसून ई-मेल पाठवायला सांगताय! त्यांना पोचला असता तर उत्तर नक्की आलं असतं, आणि ते तुम्हाला झेपलं नसतं. (तुमच्याकडे ठणठणपाळ हा वेगळाच लेखक म्हणून नोंदला आहे. त्यांनाही एक मेल टाकून पाहा.)

पुन्हा एकदा, कारण तीनही तक्रारींच्या उत्तरांत हे कुणालाच कळलेलं दिसत नाही: 'अंधाराच्या पारंब्या' ही कादंबरी आहे, 'बॅरिस्टर' हे नाटक आहे, आम्ही दोन्ही मागवली आहेत आणि दोन्हींचे पैसे भरले आहेत.

मागणी अशी. कादंबरीची प्रत पाठवा. नसेल तर नाही म्हणा आणि पैसे परत करा, 'लवकरच उपलब्ध' असं लिहून अडकवून ठेवू नका. 'महानंदा' दुसऱ्या छपाईतली द्या आणि पाठवण्याआधी पृष्ठ 97 आहे का ते कुणीतरी डोळ्यांनी बघा. 'महासागर'चे पूर्ण पैसे परत करा, ती प्रत विक्रीतून काढा आणि त्या विक्रेत्याचं नाव-पत्ता लेखी कळवा. तो माल आम्ही परत देणार नाही, तो पुरावा आहे. 'बॅरिस्टर'ची जादा प्रत मात्र न्या, तिच्यावर वाचनालयाचा शिक्का मारलेला नाही. दहाही पुस्तकांची नावं असलेलं, 'पुरुष'वरचा कर काढलेलं बिल हवं, आणि ते मार्चअखेर उजाडण्याआधी हवं.

ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, 2020 प्रमाणे तक्रार निवारण अधिकाऱ्याने 48 तासांत पोच द्यायची असते आणि एका महिन्यात तक्रार निकाली काढायची असते. त्या अधिकाऱ्याकडून पहिल्या तक्रारीची पोच अजून आलेली नाही. तुमच्या ॲपची हिरवी टिक म्हणजे पोच नव्हे. यापुढे 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद होईल आणि मग जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज. तो आमच्याच जिल्ह्यात करता येतो आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, तेव्हा वाचनालयाला खर्चाची भीती दाखवू नका. स्कॅन केलेल्या प्रतीचे फोटो हक्कधारकांना आणि मूळ प्रकाशकांना आजच पाठवत आहे. ज्या वाचनालयाचा शिक्का तुमच्या 'महासागर'वर छापून आलाय त्यांनाही कळवलं आहे. त्यांची प्रत परत आली की नाही हे ते तपासत आहेत.

मराठी पुस्तकांचं एवढं मोठं दुकान थाटलंत याचा एके काळी आनंद झाला होता. तालुक्याच्या गावी नाटकांची पुस्तकं मिळत नाहीत. दुकानदार परीक्षांची गाइडं ठेवतो, संहिता ठेवत नाही. ती अडचण तुम्ही सोडवाल असं खरंच वाटलं होतं. आता पुढची खरेदी थेट प्रकाशकांकडून, टपालाने. चार दिवस उशिरा येतील, पण पारंब्या मागवल्यावर पारंब्याच येतील.

ग्रंथपाल
(नाव, पत्ता आणि सही सोबतच्या प्रतीवर)

ता.क. जादा 'बॅरिस्टर' न्यायला कुरिअरवाला पाठवाल तेव्हा त्याच्या पावतीवर पुस्तकाचं नाव शुद्ध लिहून पाठवा. 'बँरिस्टर' लिहिलेली पावती आली तर पुस्तक हातात देणार नाही, कारण त्या नावाचं पुस्तक आमच्याकडे नाही.