सहा गावांचा पाऊस, विहिरींचे पाणी आणि पंचायतीचे दप्तर खुले करण्यासाठी मदतीचे आवाहन

सप्रेम नमस्कार.

गावकरी मंडळी, शिक्षणा-नोकरीसाठी नागपूर-पुण्याकडे गेलेली पोरे आणि सासरी गेलेल्या लेकी, सर्वांना हे आवाहन आहे. दारव्हा तालुक्यातील आमच्या सहा गावांच्या ग्रामसभांनी ठराव करून सार्वजनिक वाचनालयाकडे एक काम सोपवले आहे. प्रत्येक गावात पाऊस मोजायचा, गावागणिक आठ अशा ४८ विहिरींची पाणीपातळी नोंदवायची, पंचायतीच्या जुन्या नोंदी संगणकावर घ्यायच्या, पांदण रस्ते नकाशावर आणायचे आणि हे सगळे कोणालाही फुकट पाहता, उतरवता व वापरता येईल असे ठेवायचे. त्यासाठी वस्तू हव्यात, थोडा पैसा हवा आणि सर्वात जास्त माणसे हवीत.

मुख्य कारण पावसाचे आहे. अतिवृष्टीच्या मदतीसाठी २४ तासांत ६५ मिलिमीटरचा निकष लावतात आणि पाऊस धरला जातो तो महसूल मंडळातल्या केंद्रावरचा. महावेध प्रकल्पात मंडळनिहाय स्वयंचलित हवामान केंद्रे बसली ही मोठीच सोय झाली. पण एका मंडळात कितीतरी गावे येतात आणि पाऊस या धुऱ्यावर झोडपतो, त्या धुऱ्यावर शिंतोडेही टाकत नाही, हे प्रत्येक कास्तकार जाणतो. केंद्रावर ४० मिलिमीटर नोंदले गेले आणि इकडे नाल्याचे पाणी पराटीत शिरले, की तहसीलमध्ये दाखवायला फोटो असतात, आकडा नसतो.

आपला पर्जन्यमापक शासकीय नोंदीची जागा घेणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो. पंचनामा महसूल आणि कृषी खात्याची माणसेच करतील. मात्र दोन-तीन हंगामांची न तुटलेली, तारीखवार, कोणालाही तपासता येईल अशी नोंद असली तर मंडळाच्या आकड्याशी आपला आकडा शेजारी ठेवून लेखी प्रश्न विचारता येतो. केंद्राच्या बाजूला झाड वाढले आहे का, ते बंद पडले होते का, आपल्या भागासाठी वेगळे केंद्र हवे का, या प्रश्नांना मग वजन येते.

खुली माहिती ही काही शासनाकडून उपकार म्हणून मागायची गोष्ट नाही. माहितीचा अधिकार कायदा, २००५ मधील कलम ४ प्रत्येक सार्वजनिक कार्यालयाला १७ बाबी कोणी न मागता, आपणहून जाहीर करायला सांगते. स्थानिक भाषा विचारात घ्या असेही त्यात आहे. केंद्र सरकारचे माहिती खुली करण्याचे धोरण २०१२ मध्ये आले, त्याच वर्षी डेटा डॉट जीओव्ही डॉट इन हे संकेतस्थळ सुरू झाले आणि २०१७ मध्ये शासकीय खुल्या माहितीसाठी परवानाही ठरला. पंचायतीच्या आराखड्याची आणि खर्चाची माहिती २०२० पासून ई-ग्रामस्वराज या शासकीय संकेतस्थळावर दिसते. म्हणजे दार उघडे आहे. अडते ते पुढे. तक्त्याचा तिरपा स्कॅन करून पीडीएफ टाकली की कायदा पाळला जातो, पण त्यातली बेरीज करता येत नाही, गाव शोधता येत नाही, मागच्या वर्षाशी ताडता येत नाही. आकडा रकान्यात, प्रत्येक नोंद एका ओळीत, साध्या सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेल्या) फाइलमध्ये असला तरच तो कामाचा.

आता प्रत्यक्ष काम. पर्जन्यमापक हवामान खात्याच्या पद्धतीचा, २०० चौरस सेंटीमीटर तोंडाचा घ्यायचा. या मापात १ मिलिमीटर पाऊस म्हणजे २० मिलिलिटर पाणी, आणि आतली बाटली २ लिटरची असेल तर ती १०० मिलिमीटरला भरते. म्हणून बाटली ४ लिटरची हवी, नाहीतर ज्या दिवशी मोजायला पाहिजे नेमक्या त्याच दिवशी पाणी वाहून जाईल. तोंडाची कड जमिनीपासून ३० सेंटीमीटरवर आणि पाणसाळ लावून अगदी समतल. जवळचे झाड वा भिंत मापकाच्या तोंडापेक्षा जितकी उंच, त्याच्या किमान दुप्पट अंतर सोडायचे. शाळेच्या टिनाच्या छपराखाली किंवा लिंबाखाली मापक बसवला तर पाऊस नव्हे, छपराचे शिंतोडे मोजाल. एक चूक फार ठिकाणी होते: १०० चौरस सेंटीमीटरच्या मापकाला २०० ची काचेची मापनळी वापरली जाते आणि आकडा निम्माच येतो. मूळ नळी फुटली की शेजारच्या गावातली आणतात, तिथून हे सुरू होते. म्हणून प्रत्येक मापकामागे एक जादा नळी मागत आहोत, आणि नळीवर रंगाने २०० लिहिले जाईल.

मोजायची वेळ रोज सकाळी ८.३०. त्या वेळी मोजलेला पाऊस त्याच दिवसाच्या तारखेला मांडायचा, जरी तो आदल्या रात्री पडला असला तरी. हवामान खात्याची रीत तीच आहे. आपण "काल पडला" म्हणून कालच्या तारखेला लिहिला तर सगळी तुलना एक दिवस सरकते आणि कार्यालयात आपली वही पहिल्या पानावरच बाद होते. पाऊस नसेल तर शून्य लिहायचे. रकाना कोरा राहिला तर त्याचा अर्थ मोजले नाही असाच धरला जाईल. मोजणारा पोळ्याला गावाला गेला आणि तीन दिवसांचे पाणी एकत्र निघाले, तर ते तिसऱ्या दिवशी "तीन दिवसांचे" अशा शेऱ्यासह लिहायचे. अंदाजाने तीन वाटे करायचे नाहीत. गावात मोजणारे दोघे हवेत ते यासाठीच.

विहिरींचे काम त्या मानाने सोपे, पण तिथेही शिस्त लागते. काठावर लाल रंगाची एक खूण करायची आणि दरवेळी तिथूनच टेप सोडायचा. समजा खुणेपासून पाणी ८.४० मीटरवर लागले आणि कठडा जमिनीवर ०.७५ मीटर उंच आहे, तर जमिनीखालची पातळी ७.६५ मीटर. कठड्याची उंची वजा करायची राहिली की दोन विहिरी एकमेकींशी ताडता येत नाहीत. मोटारपंप रात्रभर बंद असलेल्या विहिरीतच पहाटे मोजायचे. उपसा चालू असताना घेतलेली पातळी विहिरीची असते, भूजलाची नसते. शासनाची भूजल यंत्रणा निरीक्षण विहिरी वर्षातून मोजक्याच वेळा मोजते. आपण महिन्यातून एकदा मोजू, म्हणजे तुरीला शेवटचे पाणी द्यावे की हरभऱ्यासाठी राखावे, हे ठरवायला हाती काही असेल.

आधी सगळे वहीत, मग मोबाइलवर. वीज आणि रेंज दोन्हींचा भरवसा नाही, म्हणून कोबो टूलबॉक्स या माहिती गोळा करायच्या मोबाइल साधनातला अर्ज वापरणार आहोत. तो रेंज नसतानाही भरता येतो आणि रेंज आली की पाठवता येतो. विहिरीचे ठिकाण टिपताना जीपीएसची अचूकता ५ मीटरच्या आत येईपर्यंत उघड्यावर थांबा. घाई केली तर विहीर नकाशावर शेजाऱ्याच्या वावरात जाऊन पडते, आणि मग भांडण पाण्याचे राहत नाही.

पंचायतीचे दप्तर टंकायला मात्र बाहेरगावच्या मंडळींची खरी गरज आहे. ठराव, इतिवृत्ते, कामांच्या याद्या यांचे स्कॅन आम्ही पाठवू; घरी बसून आठवड्यातून दोन-तीन तास दिले तरी भरपूर. प्रत्येक पान दोन जण वेगवेगळे टंकतील, संगणक दोन्ही ताडून पाहील आणि जिथे फरक आहे तेवढेच तिसरा माणूस मूळ पान पाहून ठरवेल. एकानेच टंकून त्यानेच तपासले तर डोळा तीच चूक पुन्हा वाचतो.

टंकताना तीन ठिकाणी गाडी घसरते. गट क्रमांक ७/२ लिहिला की स्प्रेडशीट त्याची तारीख करून टाकते. नंतर रकाना मजकुराचा केला तरी मूळ क्रमांक परत येत नाही, कुठलातरी भलताच पाच अंकी आकडा उरतो. म्हणून रकाना आधी मजकुराचा करायचा, मग पहिला गट लिहायचा. दुसरे, देवनागरी अंक बहुतेक वेळा मजकूर समजले जातात आणि बेरीज शून्य येते. तक्त्यात अंक इंग्रजीच हवेत, छापताना देवनागरी करू. तिसरे, कृतिदेव किंवा श्रीलिपी या जुन्या फाँटांत टंकलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर निरर्थक अक्षरांचा दिसतो. तो युनिकोडमध्ये बदलता येतो, पण बदलल्यावर रफार आणि जोडाक्षरे डोळ्यांखालून घालावी लागतात.

गावाच्या नावाशेजारी एलजीडी क्रमांक लिहिणे सक्तीचे आहे. पिंपळगाव, वडगाव जिल्ह्यात किती आहेत ते एसटीच्या कंडक्टरला विचारा. खुर्द-बुद्रुकचा घोळ, एकदा "पिंपळगांव" आणि एकदा "पिंपळगाव" अशी नावे आली की संगणक दोन गावे मानतो. केंद्र सरकारच्या स्थानिक शासन सूचीतला हा क्रमांक लावला की पंचायतीच्या यादीतले काम, रोजगार हमीच्या यादीतले काम आणि ई-ग्रामस्वराजवरचा खर्च एकाच ओळीत येतात. तोच नाला एकाच वर्षी दोन योजनांत खोल झाला असेल तर ते तेव्हाच दिसते. नसेल झाला तर ग्रामपंचायत अधिकाऱ्यावरचा संशयही तिथेच फिटतो. खुल्या माहितीचा हा फायदा कार्यालयांनी अजून पुरता ओळखलेला नाही. दरवेळी तोच अर्ज, तीच झेरॉक्स, तेच उत्तर यात त्यांचाही दिवस जातो.

नकाशासाठी ओपनस्ट्रीटमॅप निवडला आहे. तो २००४ पासून स्वयंसेवक करत आहेत आणि त्यातली माहिती कोणालाही उतरवून घेता येते. २०१५ च्या नेपाळ भूकंपात मदत पथकांनी हाच नकाशा वापरला, कारण काठमांडूतल्या तरुणांनी तो आधीपासून भरत आणला होता आणि भूकंपानंतर जगभरचे हात त्याला लागले. भारतात नकाशांसंबंधीचे निर्बंध फेब्रुवारी २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांनी बरेच सैल झाले. आपल्याला पांदण रस्ते, नाले, हातपंप आणि पावसाळ्यात बंद पडणारे रपटे भरायचे आहेत. उपग्रहाच्या चित्रावरून रेघ पुण्यात बसून ओढता येईल. पांदणीचे नाव आणि ती कुठवर बैलगाडीची, कुठून पायवाट, हे गावातलाच सांगेल. गुगलच्या नकाशावरून नाव वा रेघ उचलायची नाही. ते परवान्यात बसत नाही, आणि तसे आढळले तर आपले सगळे काम पुसले जाऊ शकते.

सगळेच खुले होणार नाही. आधार, बँक खाते, मोबाइल क्रमांक, आजार, कोणाच्या घरचे काही यांतले काहीही टंकले जाणार नाही. स्कॅन पाठवण्यापूर्वी ते भाग झाकले जातील. २०२३ चा वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आहेच, पण तो नसता तरी हेच केले असते. खासगी विहीर मालकाच्या लेखी संमतीशिवाय मोजायची नाही, आणि तक्त्यात मालकाचे नाव नाही, फक्त विहिरीचा क्रमांक. कच्च्या नोंदीत कोणीही खाडाखोड करायची नाही. दुरुस्ती वेगळ्या रकान्यात, कोणी आणि केव्हा केली यासह.

हवे आहे ते असे. पर्जन्यमापक ६, २०० च्या मापनळ्या १२, वजन लावलेले ३० मीटरचे टेप ६, दोन्ही बाजू स्कॅन करणारा स्कॅनर १, बाह्य हार्ड डिस्क २ (एक वाचनालयात, एक दुसऱ्या गावच्या शाळेत, एकाच कपाटात दोन्ही ठेवून उपयोग नाही) आणि लॅपटॉप ३. लॅपटॉप जुना चालेल, ४ जीबी रॅम असावी. आम्ही त्यावर लिनक्स आणि लिबरऑफिस टाकू. चार्जर मात्र सोबत द्या. बंद पडलेले डेस्कटॉप, जुने जाड मॉनिटर, प्रिंटर कृपया आणू नका, ठेवायला जागा नाही आणि दुरुस्तीत हवा तो पैसा जातो. मापकाच्या ओट्यांसाठी सिमेंटची ३ पोती आणि तारेचे कुंपण हवे; बकऱ्या मापकाला अंग घासतात. कोणी गवंडीकामाचा एक दिवस दिला तर तेही दानच समजू.

शक्यतो वस्तूच द्या. रोख वा धनादेश द्यायचा असेल तर वाचनालयाच्या नावेच द्या आणि छापील पावती घेतल्याशिवाय जाऊ नका. प्रत्येक पैशाचा हिशेब बिलाच्या प्रतीसह त्याच खुल्या तक्त्यात जाईल. देणगीदाराचे नाव त्याला हवे असेल तरच लागेल.

मापक ३१ मेपर्यंत बसले पाहिजेत, म्हणजे मृग लागण्यापूर्वी आठवडाभर रोज शून्य लिहून हाताला सवय होईल. त्याच महिन्यात विहिरींचे पहिले मोजमाप घ्यायचे आहे, कारण मेअखेरची पातळी हुकली तर ती पुढच्या उन्हाळ्यापर्यंत मिळत नाही. मोजणाऱ्यांची शिकवणी १ मे च्या ग्रामसभेनंतर वाचनालयासमोर होईल. येताना वही आणि निळे पेन आणा, पेन्सिल नको. टंकलेखनासाठी नाव नोंदवायचे असेल तर गावातल्या कोणाही नातेवाइकामार्फत वाचनालयाच्या नोंदवहीत लिहवून घ्या, पहिली दहा पाने त्यांच्याच हाती पाठवू.

आपले,
सार्वजनिक वाचनालय व सहा गावांची माहिती समिती